कादंबरीच्या चार फोडी

पुस्तकांना खाकी कव्हर घालणारे, उसनी नेऊन परत न करणारे, न वाचताच त्यांच्यावर तासभर बोलणारे असे नाना तऱ्हेचे वाचक मी पाहिले आहेत; पण नवीकोरी कादंबरी विळीवर चिरणारी वाचक साऱ्या महाराष्ट्रात एकच आहे आणि ती माझी सासू आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. लग्न होऊन नाशिकहून नागपूरला आले त्याच आठवड्यात मी हा प्रकार पाहिला. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या, पुढ्यात विळी, आणि हातात मेथीच्या जुडीऐवजी एक जाडजूड कादंबरी. त्यांनी ती मधोमध उघडली, पाठीकडून पात्याला लावली आणि सर्रकन ओढली. मी किंचाळलेच. त्यांनी मान वर करून अत्यंत शांतपणे सांगितलं, "घाबरू नको वं, ही पुस्तकाची विळी आहे. भाजीची वेगळी आहे." माझी काळजी कांद्याच्या वासाची आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

कादंबरीचे चार भाग होतात. सासूबाईंची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली, त्यामुळे प्रत्येक भागाला दोऱ्याचे टाके पडतात तेही बघत राहावेत असे. वरून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा कागद. अशा एका भागाला आमच्या घरात फोड म्हणतात. पहिली फोड सासूबाई वाचतात आणि दुसरीला हात घालताना पहिली वरच्या मजल्यावरच्या सरांकडे जाते. सरांकडून ती खाली ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताईकडे आणि तिथून कुही गावाच्या बसमधून सासूबाईंच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या मावशीकडे. त्यामुळे एकाच वेळी मावशीकडे नायक शाळेत असतो, पार्लरमध्ये तो प्रेमात पडलेला असतो, सरांकडे त्याचा संसार मोडत असतो आणि सासूबाई त्याला स्मशानात पोचवून डोळे पुसत असतात. जिन्यात भेट झाली की पुढचं कोणी कोणाला सांगायचं नाही हा नियम, तो कुहीच्या फोनवर मात्र हमखास मोडायचा. पार्लरवाली ताई मात्र सासूबाईंच्या चेहऱ्यावरून ताडायची. "काकूजी, तुम्ही काल रडून राहिल्या होत्या. मरते ना कोणीतरी? नाव नका सांगू, फक्त बाई की माणूस तेवढं सांगा!"

सर म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात आहे आणि त्यांच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतात. अशा माणसाच्या हाती फोड आली की काय होत असेल? तरी वाचनाच्या ओढीनं ते घेत. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. एका कादंबरीच्या चारही फोडी त्यांनी गुपचूप गोळा केल्या, बाइंडरकडे नेल्या आणि कापडी पाठीचं, सोनेरी अक्षरांचं अख्खं पुस्तक सासूबाईंच्या हातात ठेवलं. सासूबाई हरखल्या. चहा केला, चिवडा दिला, बांधणीचं तोंडभरून कौतुक केलं. दोन दिवसांनी त्यांच्या एका मैत्रिणीला तीच कादंबरी हवी होती, तेव्हा त्यांनी ती पुन्हा विळीवर घेतली. सरांनी हे दारातून पाहिलं. "ताई, अहो, काहून?" एवढंच ते बोलू शकले. "सर," सासूबाई म्हणाल्या, "संत्रं कोणी अख्खं तोंडात घालते काय? फोडी करूनच खाते ना माणूस!"

सर जिना चढून वर गेले. या फोडींमागचं खरं कारण मला पुढं कळलं. सासूबाईंचे वडील गिरणीत कामाला होते, ज्या पिढीनं नागपुरात धम्माची दीक्षा घेतली त्या पिढीतले. स्वतःला अक्षरं जुळवून जुळवून वाचावी लागत, पण दरवर्षी दीक्षाभूमीवरून येताना त्यांच्या हातात पोरांसाठी एक पुस्तक असायचंच. पुस्तक एक आणि पोरं पाच. एका वर्षी ओढाताणीत पुस्तकाचं कव्हर फाटलं तेव्हा त्यांनी पोरांना मारलं नाही. घरातली विळी घेतली, पुस्तकाचे पाच भाग केले आणि म्हणाले, "भांडत बसाल तं कोणालेच भेटणार नाई. घ्या, आता वाचा सगळे." वयाप्रमाणे क्रम लागला. सासूबाई सर्वांत थोरल्या, म्हणून आरंभ त्यांचा. मावशी शेंडेफळ, म्हणून तिची पाळी शेवटी. लोक पुस्तक जपण्याचा अभिमान सांगतात. माझ्या सासरी पुस्तक वाटून वाचण्याचा अभिमान आहे, आणि या घरची सून म्हणून तो मलाही आहे.

आता त्या काय वाचतात ते सांगायला हवं, कारण त्यातही तऱ्हा आहेच. सासूबाई फक्त नवी कादंबरी वाचतात. नवी म्हणजे शाई वाळायच्या आत. "जुन्याले वाचणारे लय आहेत. नव्या पोट्ट्यापोट्टींनी लिहून ठेवलं ते कोणी वाचावं?" आणि लेखक हयात असण्याचा त्यांच्या दृष्टीनं मोठा फायदा म्हणजे त्याला फोन करता येतो. प्रकाशकाला गोड बोलून त्या नंबर मिळवतात. सध्याच्या कादंबऱ्यांबद्दल त्यांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे नायक कामावर जात नाही. दिवसभर खिडकीपाशी उभा राहून विचार करतो. दुसरी, ज्याला त्याला कादंबरीच लिहायची असते. "सगळेच लेखक झाले तं नळ कोण दुरुस्त करन?" तिसरी, गावाचं वर्णन करणारा सुट्टीत चार दिवस जाऊन आलेला असतो हे पानापानावर दिसतं. आणि शेवटी लेखक दमतो, गोष्ट तिथंच सोडतो आणि वाचकानं काय ते समजून घ्यावं म्हणतो. "मी काहून समजून घेऊ? मी काय लिहायले बसली होती?"

एका तरुण लेखकाला तर त्यांनी भर दुपारी फोन लावून विचारलं होतं, "बेटा, अर्धी कादंबरी झाली, तुमचा माणूस अजून जेवला नाई. तब्येत बरी आहे ना त्याची?" तो बिचारा आधी गोंधळला, मग बराच वेळ बोलत राहिला. त्याच्या पुढच्या कादंबरीत नायक पहिल्याच पानावर टपरीवर उभा राहून तर्री-पोहे खातो. हा निव्वळ योगायोग असेलही, पण सासूबाईंनी ते पान पार्लरमध्ये, बसस्टॉपवर आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवलं. मात्र कौतुक करायला लागल्या की हात आखडता नाही. भंडारा-गडचिरोलीकडच्या मुली आता आपल्याच बोलीत लिहायला लागल्यात, याचा त्यांना कोण आनंद! "आपण घरात बोलतो ते छापून येऊन राहिलं वं," असं म्हणून त्या अशी वाक्यं मला मोठ्यानं वाचून दाखवत, आणि माझे नाशिकचे उच्चार सुधारून घेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव उगाच आलं नाही. गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब होत असल्याचं निघालं. इंजेक्शनं झाली, चष्मा बदलला, पण छापील अक्षर मधोमध पुसल्यासारखं दिसायचं ते दिसायचंच. त्यांनी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही. एकाच फोडीवर अडून बसल्या होत्या तेव्हा सरांनी विचारलं आणि घरात कळलं. डॉक्टर म्हणाले, मोठी अक्षरं वाचा. माझा नवरा मौद्याच्या वीज प्रकल्पात इंजिनिअर, यंत्रावर त्याचा फार विश्वास. तो लगेच ई-रीडर घेऊन आला.

मला वाटलं, आता पुस्तकाच्या वासाचं, कागदाच्या स्पर्शाचं काहीतरी ऐकायला मिळणार. छे! सासूबाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं, अक्षर मोठं करायला शिकल्या आणि खूश झाल्या. "पाय वं, अक्षर कसं पुरीसारखं फुगते!" वासाचा विषय मीच काढला तर म्हणाल्या, "जुन्या पुस्तकाले वास येते तो बुरशीचा. शिंका येतात मले." त्यांना हवी ती कादंबरी त्यात मिळाली नाही की प्रकाशकाला फोन जायचा, "या डबीत काहून नाई टाकली तुम्ही?" सगळं छान चाललं होतं. फक्त तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "पण याच्या फोडी कुठून करायच्या?"

पहिल्यांदा ते यंत्रच फिरवून पाहिलं. सकाळी सासूबाई, दुपारी सर, संध्याकाळी पार्लर. पण ते बिचारं शेवटी उघडलेलं पानच तेवढं लक्षात ठेवणार. सर एका बैठकीत शंभर पानं पुढं जायचे, ताई गिऱ्हाईक सोडून तेच पान उघडायची आणि धावत वर यायची. "काकूजी, काल तं याचं लग्न लागलं! आज तेरवी कशी?" असं दोनदा झाल्यावर तो प्रयोग बंद पडला. सासूबाई एकट्याच वाचू लागल्या. आणि त्या गप्प झाल्या. जिन्यात थांबणं नाही, कुहीला फोन नाही. कादंबरी संपली तरी आम्हाला पत्ता लागायचा नाही. एक दिवस मी विचारलं, "आई, आवडली नाही का?" तर म्हणाल्या, "चांगली होती. पण दार लावून जेवल्यासारखं वाटते."  अंधूक दिसण्याला त्या घाबरल्या नव्हत्या. वडिलांनी सुरू केलेलं वाटून वाचणं आपल्या हातून तुटतंय, हे त्यांना खात होतं.

हे मी सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आमच्याकडे आले ते हातात छापील कादंबरी घेऊन, जी सासूबाई यंत्रावर वाचत होत्या तीच. आल्या आल्या म्हणाले, "विळी कुठाय?" सासूबाईंनी ती आणून दिली. सर पाटावर बसले, त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, कपाळाला लावलं. "ताई, पाठ कुठून धरू?" सासूबाई शेजारी बसल्या, त्यांचा हात धरून पात्यापर्यंत नेला आणि म्हणाल्या, "ओढा आता. दुखत नाई त्याले." सरांनी डोळे मिटून ओढलं. फोड वाकडी निघाली, एक पान दोन्हीकडे अर्धं अर्धं गेलं, पण निघाली. इतका हळवा माणूस, आणि माझ्या सासूसाठी त्यानं पुस्तक चिरलं. त्या दोघांचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो मला नीटसा सांगता येत नाही.

असं गाडं पुन्हा सुरू झालं. सासूबाई यंत्रावर, बाकीचे फोडींवर. पण अक्षर पुरीएवढं केलं की पडद्यावर मावतात जेमतेम दोन ओळी, आणि सासूबाईंचा वेग फारच मंदावला. मग काय झालं, तर पहिली फोड सरांची वाचून झाली तरी ती वरच राहिली. पार्लरवाली ताईही मागेना. दोघं जिन्यात मला गाठून हळूच विचारायची, "किती टक्के झालं त्यांचं?" सासूबाईंच्या पुढं जायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. सासूबाईंना हे समजायला वेळ लागला नाही. त्या दोघांना घरी बोलावून त्यांनी अशी काही झाडाझडती घेतली की दवाखान्यातले वॉर्डबॉय त्यांना का घाबरत असतील ते मला उमगलं. "माझ्यासाठी थांबून राहिले काय तुम्ही? मी काय लाल सिग्नल आहो?" मग शांत आवाजात म्हणाल्या, "पुढच्या कादंबरीची पहिली फोड सगळ्यांच्या आधी कुहीले, माझ्या बहिणीले पाठवा. म्हातारी झाली तरी तिले आधी फोड कोणी दिली नाई."

नवी कादंबरी आली. सरांनी चिरली, आता जरा सरळ चिरतात. टाके मात्र सासूबाईंनी बोटांच्या अंदाजानं घातले. फोड बसनं गेली आणि त्याच दिवशी दुपारी कुहीहून फोन आला. मावशीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बाई, म्या सुरू केली वं! अन् माहीत आहे काय? आजपर्यंत मले प्रत्येक गोष्ट तुम्ही कोणी ना कोणी आधीच सांगून ठेवली होती. ही कोणीच सांगितली नाई! पुढं काय होते हे घरात कोणालेच माहीत नाई, फक्त मले माहीत होऊन राहिलं. सांगू काय तुले थोडं?"

सासूबाई हसल्या. मांडीवरच्या यंत्रात पहिलंच पान उघडलेलं होतं, त्यावरून त्या हात फिरवत राहिल्या.

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "तू चाल पुढं. मी येऊन राहिली मागून, हळूहळू."