साडूंची करमाफी

आमचे मामा कर कचेरीच्या पायऱ्यांशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत. अक्षर मोत्यासारखं आणि मत समोरच्या गिऱ्हाइकाप्रमाणे. दुकानदार आला की म्हणत, "धंदेवाल्यांचा बोजा कमी केला तरच चार हातांना काम मिळतं, साहेब." पाच मिनिटांनी त्याच खुर्चीत एखादी विधवा बसली की, "श्रीमंतांकडून घेऊन तुमच्यासारख्यांना द्यायलाच हवं, आजी." दोन्ही वेळा ते मनापासून बोलत. ढोंगी म्हणावं, तर तेवढी हुशारी त्यांच्यात नव्हती.

मग त्यांच्या साडूंनी, म्हणजे मामीच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना काढला आणि मामांना कायमचं एकच मत मिळालं.

नियम असा होता, की नात्याबाहेरची दहा माणसं पगारावर ठेवली तर नव्या कारखान्याला पाच वर्षं कर माफ. साडूंचा अर्ज मामांनीच लिहिला, घरचं काम म्हणून फुकट. मंजुरी आली त्या दिवशी साडू मिठी मारायला आले, तर मामा टाचणी शोधायला टेबलाखाली वाकले.

तेव्हापासून साडूंचं सगळंच त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. साडूंनी नवा फ्रिज घेऊन जुना मामीला दिला. मामांनी त्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. भर उन्हाळ्यात कोमट पाणी पीत आणि आम्हीच लाच खाल्ल्यासारखं आमच्याकडे बघत.

एकदा जेवताना साडू सहज म्हणाले, "माझा कर वाचतो म्हणून दहा घरं चालतात."

"तुम्ही कर भरा. त्या दहा घरांचं सरकार बघेल," मामा म्हणाले.

"सरकार बघेल तेव्हा बघेल. मी पगार एक तारखेला देतो."

"आणि गाडी? तीही त्या दहा घरांसाठीच घेतलीत का?"

साडू हसले. चिडले असते तर मामांना निदान शांत झोप लागली असती.

दुसऱ्या दिवसापासून मामा संध्याकाळी कारखान्यासमोरच्या बस थांब्यावर बसू लागले. सहाला भोंगा व्हायचा, माणसं बाहेर पडायची. आठवडाभर त्यांनी मोजली. रोज नऊच! दहावं माणूस नुसतं कागदावर असणार. मला हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मला त्यांची भीतीच वाटली.

"मामा, जाऊ द्या ना," मी म्हटलं.

"का जाऊ देऊ? लोकांचा पैसा आहे तो."

लोकांचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, हे मी भाचा असूनही सांगतो. त्यांनी निनावी तक्रार टाकली.

तपासणीच्या दिवशी कचेरीतला कारकून रजेवर होता. साहेबांनी जबाब लिहायला पायऱ्यांवरून मामांनाच गाडीत घेतलं. नाही म्हणता आलं असतं, पण साडूंचा पडलेला चेहरा त्यांना बघायचा होता.

कारखान्यात माणसं रांगेत उभी राहिली. नाव, काम, मालकाशी नातं. मामा लिहीत गेले. नऊ झाल्यावर त्यांनी मान वर केली. साडू आत वळून म्हणाले, "अगं, ये तू पण."

हाताची खळ ॲप्रनला पुसत मामी बाहेर आली.

चार महिने ती रोज "ताईकडे जाऊन येते" म्हणून बाहेर पडत होती. मामांच्या आधी घरी पोचायचं म्हणून पाचलाच निघत होती. मामांनी माणसं मोजली ती सहाला.

"काम काय करता?" साहेबांनी विचारलं.

"मापं तपासते. माझ्या हाताखाली तिघी आहेत."

हा ताठा मामांनी घरात कधी ऐकला नव्हता. तो साडूंच्या छपराखाली आला होता, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं.

"मालकाशी नातं?"

"काही नाही," मामी म्हणाली आणि मामांकडे बघत राहिली. साहेबांना काहीच माहीत नव्हतं. मामांनी तेवढंच लिहिलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"साहेब, ही मालकाची मेहुणी आहे," मामा म्हणाले. "माझी बायको आहे ना, म्हणून माहीत."

करमाफी गेली. साडूंनी दोघींना कामावरून कमी केलं. आता मामी घरी बसेल असं मामांना वाटलं होतं, पण साडूंनी तिला ठेवलं. ती आता उघड जाऊ लागली, आणि मामांशी बोलेनाशी झाली.

पुढच्या आठवड्यात मी मामांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा त्या दोघींपैकी एक मुलगी टेबलासमोर बसली होती. बेकारांच्या मदतीचा अर्ज लिहायचा होता.

"तुमच्याकडे यायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "पण इथे दुसरं कोणी लिहीत नाही."

मामांनी खाली मान घालून रकाने भरले. "सध्याचं उत्पन्न?"

"मॅडम देणारेत. काम मिळेपर्यंत त्यांचा अर्धा पगार आम्हा दोघींत. तो लिहायचा का?"

"मॅडम कोण?"

"तुमच्या घरच्या."

"नको लिहूस," मामा म्हणाले. "मदत कापतील."

मग ते तिच्याकडे असे बघत राहिले, की मला कळलं, यांना आता हिचाही हेवा वाटतोय. मामी त्या दोघींना अर्धा पगार देणार होती, आणि घरात ह्यांच्या वाट्याला अर्धा शब्दही येत नव्हता.