कोनफळाचं हळूहळू

"हळूहळू गं, हळूहळू!" दर चौकात काकू मला असं बजावायच्या आणि गाडी थांबली की लगेच म्हणायच्या, "चल आता, हळूहळू खायला!"

खायला? सांगते.

लग्न करून मी नागपूरहून अमेरिकेत हर्नडनला आले. नवरा ऑफिसला गेला की घरात मी आणि भिंती. इथे गाडी येत नसेल तर माणसाला पाय नसल्यासारखंच. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा आपटले आणि स्टिअरिंगला हात लावायचंच सोडून दिलं. तेव्हा शेजारच्या काकूंनी मला शिकवायचं मनावर घेतलं. त्या निवृत्त भूलतज्ज्ञ, पण नुसत्या गप्पांनीही भूल द्यायच्या. त्या नादात एकदा मी चक्क पॅरलल पार्किंग करून बसले!

शिकवणी संपायची ती एका छोट्या फिलिपिनो दुकानात. तिथे उंच ग्लासात बर्फाचा चुरा, आटवलेलं दूध, गोड राजमा, फणस आणि वर जांभळं आइस्क्रीम मिळायचं. पहिल्याच चमच्याला काकू ओरडल्या, "अगं, हे तर कोनफळ! कोनफळाचं आइस्क्रीम! आपल्याला कसं सुचलं नाही?" त्यावरची पिवळी वडी अंड्याची असते, हे कळल्यावरही त्यांनी ती खरवस म्हणूनच खाल्ली. अशा सोयीस्कर सोवळ्याच्या काकू तुम्हीही पाहिल्या असतील.

पदार्थाचं नाव हालो-हालो. काकूंनी बोर्डावरचं इंग्रजी वाचलं आणि ठरवून टाकलं, हळूहळू!

"हालो-हालो! मिक्स-मिक्स!" दुकानदार बाई चमचा गरागरा फिरवून दाखवायच्या.

"मिसळायची घाई कशाला? नावातच हळूहळू आहे," काकू मराठीतच ऐकवायच्या आणि एकेक थर चवीनं खायच्या. बाई कपाळाला हात लावायच्या. हे भांडण दर खेपेला व्हायचं.

तिसऱ्यांदा मी पास झाले. पण काकू शेजारी नसल्या तर हायवेवर जायची माझी छाती होत नव्हती. मग काकूंची नजर अधू झाली आणि लेकीनं त्यांना टेक्सासला बोलावून घेतलं.

"एअरपोर्टला तूच सोडायचंस. टॅक्सी बोलावलीस तर जन्मात बोलणार नाही," काकूंनी दम भरला.

जाताना त्या शेजारी होत्या. येताना सीट रिकामी. हायवेवर शिरताना मागच्यानं हॉर्न मारला. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "हळूहळू गं, हळूहळू." आणि शिरले की!

गाडी थेट दुकानापाशी उभी केली. बाईंनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"आंटी?"

"टेक्सास. आता तिथेच राहणार."

बाईंनी ग्लास भरून माझ्यापुढे ठेवला. चमचा मात्र फिरवून दाखवला नाही.

"हलू-हलू," त्या म्हणाल्या.

मला रडूच कोसळलं. मग डोळे पुसले आणि काही न मिसळता खरवसापासून सुरुवात केली.