अडकित्त्यातली गोळी

आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणालाही कसलंही व्यसन लागलेलं नाही. हे वाक्य अप्पा, म्हणजे माझे वडील, कुरुंदवाडच्या व्यसनमुक्तीच्या सभेत दर वर्षी अध्यक्षपदावरून म्हणायचे. आमचा धंदा तंबाखूचा होता, अव्वा, म्हणजे आई, दिवसातून चार वेळा मिश्री लावायची आणि अप्पांच्या कमरेची चंची सभेतही सुटत नसे. पण तंबाखू व्यसनात धरायची पद्धत आमच्याकडे नव्हती. व्यसन म्हणजे दारू, गांजा, अफू. जे दुसऱ्यांच्या घरात असतं ते.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अप्पांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला. मी कोल्हापुरात कॉलेजात शिकवत होतो, म्हणून त्यांना कळंब्याच्या रस्त्यावरच्या माझ्या भाड्याच्या घरी आणलं. सोबत अव्वा आली. थोरला भाऊ, अण्णा, एक दिवसाआड कुरुंदवाडहून यायचा. साध्या गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन लिहून दिलं. ते गावात मिळत नव्हतं. मुंबईहून, बऱ्याच सह्या गोळा करून यायचं. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक.

अण्णानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"ही अफूच न्हवं?"

"अफूपासूनच करतात," मी म्हणालो.

"मग अर्धी द्यायची."

यात विशेष काही नव्हतं. डॉक्टर भारी लिहितात, एवढं आपल्या अंगाला सोसत नाही, असं आमच्याकडे मानतात. गोळी तापाची असो की रक्तदाबाची, अव्वा चंचीतला अडकित्ता काढायची, गोळी त्यात धरायची आणि कट्. मॉर्फिनचंही तेच झालं. मी एवढी पुस्तकं वाचणारा माणूस, पण मीही गप्प बसलो. अप्पा जाता जाता अफूबाज ठरू नयेत, असं मलाही वाटत होतं. आणि अप्पांना तर सगळ्यांत जास्त. "नशा न्हाय नव्हं ही?" असं विचारल्याशिवाय ते अर्धीसुद्धा गिळत नसत.

दिवसाला एक ठरलेला आकार आला. अर्धी घेतली की तासाभरात अप्पांचे डोळे अर्धवट मिटायचे. मग ते कानडीत बोलायचे, आपल्या आईशी. ती जाऊन तीस वर्षं झाली होती. विचारायचे, थांबायचे, मान हलवायचे, पुन्हा विचारायचे. त्या थांबण्यात आम्हाला काही ऐकू येत नसे. पण थांबणं बरोबर उत्तराएवढं असायचं. दुपारी बाराच्या सुमाराला ते जागे व्हायचे आणि दाराकडे बघत पडून राहायचे.

"आलं," ते म्हणायचे.

"कोण?"

"पावणं."

पायथ्याशी एक वेताची खुर्ची होती. पावणं तिच्यावर बसायचं. "बोलत न्हाय काय. बसतंय नुसतं. मग हात लावतंय." एवढं सांगून होईतो त्यांची पाठ गादीवरून उचलली जायची आणि तोंडातून असा आवाज निघायचा की खालच्या मजल्यावरचे लोक रेडिओ मोठा करायचे. हे रात्री आठपर्यंत.

पंधरा दिवसांत त्या खुर्चीवर बसायचं सगळ्यांनी सोडलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. अव्वा झाडताना खुर्ची हलवत नसे, तिच्याभोवतीनं केरसुणी फिरवायची. एका दुपारी अप्पा "आलं" म्हणाले आणि अव्वा मला सहज म्हणाली, "पाणी दे की त्येस्नी." मी आत गेलो, तांब्या भरला, भांडं भरून खुर्चीपुढं ठेवलं आणि तसाच उभा राहिलो, पाहुणा पाणी पिईपर्यंत यजमान उभा राहतो तसा. किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. मी देव मानत नाही, हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे.

अण्णाचं निदान वेगळं होतं. "तलफ हाय ती. चारपास्नं घड्याळ बघत्यात. गोळी मागत्यात. लागली सवय. आता पाव करा."

अव्वानं अर्धी पुन्हा अडकित्त्यात धरली.

पावावर दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला जवळ बोलावलं. सभेत माइकशिवाय बोलणाऱ्या माणसाचा आवाज आता कान लावूनच ऐकावा लागत होता.

"पावणं आता जातच न्हाय," ते म्हणाले. मग अव्वा ऐकत नाही ना हे बघून, "मला व्यसन लागलं काय रं?"

मी सायकल काढली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो, म्हणजे त्या त्यांच्या स्कूटरवर पुढं आणि मी मागं.

त्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "तिथं नको!" अव्वा ओरडली. बाईंनी खाली वाकून बघितलं. "का? मोडकी आहे?" तेवढ्यात त्यांना उशाच्या ताटलीत पाव गोळ्या दिसल्या.

"ही कुणी मोडली?"

"सवय लागू ने म्हणून," अण्णा म्हणाला.

"अहो, ही बारा तास हळूहळू सुटणारी गोळी. मोडली की सगळं दोन-तीन तासांत अंगात उतरतं. म्हणून झोपतात, बडबडतात. पुढचे नऊ तास अंगात काही नाही. उपाशी माणसानं भाकरी मागितली तर त्याला तुम्ही खादाड म्हणणार काय?"

"पण बाई, सवय..."

"धोका खोटा नाही. म्हणून तर गोळ्या कुलपात ठेवा, मी सांगितल्याशिवाय वाढवू नका, एकदम बंद करू नका, मोजून द्या. पण अख्खी द्या. आणि वेळेवर. घड्याळ तुम्ही बघा, त्यांना बघायला लावू नका."

अण्णा अडकित्ता घेऊन कुरुंदवाडला गेला. अख्ख्या गोळीच्या चौथ्या दिवशी मी अप्पांना विचारलं, पावणं येतंय का. "येतंय," ते म्हणाले. "दारात उभं ऱ्हातंय. आत येत न्हाय." मी दाराकडे बघितलं नाही.

अप्पांना त्यापुढं तीन आठवडे मिळाले. त्यात त्यांनी पेपर वाचला, अण्णाला तंबाखूच्या भावावरून शिव्या दिल्या आणि गोळी एकदाही मागितली नाही. एका सकाळी मी कॉलेजला निघताना ते माझ्याशी बोलले, मग भिंतीकडं तोंड करून झोपले आणि उठले नाहीत.

कुरुंदवाडला शोकसभा झाली. एका वक्त्यानं सांगितलं की अप्पांनी शेवटच्या श्वासापर्यंत निर्व्यसनी राहून शिवनाम घेत देह ठेवला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटचं बोलणं मीच ऐकलं होतं. मी मान डोलावली. त्या गोळीनं पोट साफ होत नाही, म्हणून बाईंनी रोज रात्री दोन चमचे एरंडेल सांगितलं होतं. त्या सकाळी अप्पा म्हणाले होते, "एरंडेल संपलंय, येताना मोठी बाटली आण."