टेकाडावरचा आरसा मी पुसला

किन्हीराजा या गावाच्या पुढे रस्त्याच्या डाव्या हाताला जो उंचवटा दिसतो, त्याला पर्वत म्हणायला धाडस लागतं. ते मी घरून निघण्यापूर्वीच करून बसलो होतो. साताऱ्यात चार जणांना "पर्वतशिखरावरच्या वेधशाळेत तारे बघायला चाललोय" असं सांगितलं होतं, दोघांनी तर कानटोपी उसनी दिली होती. प्रत्यक्षात ते टेकाड मी चपला घालून वीस मिनिटांत चढलो. वाटेत दोनदा थांबलो, एकदा दम लागला म्हणून आणि एकदा तो कुणी पाहिला नाही ना, याची खात्री करायला.

तिथवर पोचण्याआधी अर्थातच चुकलो होतो. अकोल्याहून जवळच्याच मालेगावला उतरलो आणि समोर जी गाडी सुटायच्या बेतात होती तिच्यात चढलो. माणूस घाईत असला की सगळ्या गाड्या आपल्याच वाटतात. तिकीट काढायच्या आधी माझा डोळा लागला आणि वाहकाने उठवलं तेव्हा शिरपूर जैन आलं होतं. उलट्या दिशेला. किन्हीराजाला जायचंय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "मंग इकडं काहून आले?" गाडीतले यात्रेकरू उतरून देवळाकडे गेले. मी थांब्यावरच्या हॉटेलात गरम भजी खाल्ली, तेलकट बोटं रुमालाला पुसली आणि परतीची गाडी धरली. भज्यांचा उल्लेख चवीसाठी केलेला नाही. तो रुमाल पुढे फार महागात पडणार होता.

वसंत गुरुजी मला फाट्यावर घ्यायला आले. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बारीक, काटक. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी मला जेवायला बसवलं. गावात दिवेलागणीच्या आधी जेवण, कारण नंतर आकाश सुरू होतं. ज्वारीची भाकर, गोळ्यांची कढी (चणाडाळ वाटून केलेले गोळे ताकाच्या कढीत सोडतात) आणि भुरका (लसूण-तिखट तेलात परतून केलेलं जाळ तोंडीलावणं). भुरक्याने माझे डोळे असे भरून आले की गुरुजींना वाटलं, मी त्यांच्या गोष्टीने गहिवरलो.

गोष्ट होतीही तशीच. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला होता. अंगणात लोखंडी पिंप उभं करून, त्यावर काच ठेवून, भोवती गोल गोल फिरत, अकरा महिने. चार वर्षांपूर्वी खुशालराव नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या टेकाडाचा माथा त्यांना वापरायला दिला. तिथे गुरुजींनी पत्र्याची खोली बांधली. फाटकाला लावतात तसली चाकं लावून तिचं छप्पर सरकतं केलं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या शाळा येतात, माझ्यासारखे फिरस्ते येतात. फक्त खुशालराव स्वतः कधी आले नाहीत. कधी पिकाची सोंगणी, कधी ढग, कधी गुडघा.

"अन् आता मोबाईलच्या टॉवरवाल्यांनी ते टेकाड मागितलं," गुरुजी म्हणाले. खुशालरावांनी निरोप धाडला होता की आज येतो, पाहतो. पाहण्यासारखं काही असेल तर राहू द्या तुमची खोली. नसेल तर सकाळी टॉवरवाल्यांना हो म्हणतो. दुसरीकडे नाही का हलवता येणार, असं मी सहज विचारलं. गुरुजींचा घास हातातच राहिला. चहूकडे दिवे झालेत, म्हणाले, काळोख उरला तो तेवढ्या एका माथ्यावर. आणि या वयात पुन्हा बांधायला अंगात बळ कुठून आणू?

माथ्यावर पोचलो तेव्हा पश्चिमेला शेवटची लाली होती. खाली तुरीची हिरवी वावरं आणि सोयाबीन निघालेली मोकळी रानं. वारा बोचरा. आम्ही दोघांनी छप्पर ढकललं आणि खोली उघड्या पेटीसारखी आकाशाखाली आली. दुर्बीण म्हणजे बंद नळी असणार अशी माझी समजूत होती. ही तर नुसत्या पाइपांची मोकळी चौकट, आणि तळाच्या पेटीत ताटाएवढा आरसा. गुरुजींनी पेटीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. आरसा हवेइतका गार होऊ दे, म्हणाले, आणि खुशालरावांना हात धरून वर आणायला खाली गेले.

मी एकटा. समोर अकरा महिन्यांची मेहनत आणि तिच्यावर धूळ. लग्नघरच्या मागच्या अंगणात पडून राहिलेल्या ताटावर असते तशी. मला भरून आलं. या खेपेला भुरक्याशिवाय. एवढ्या मोठ्या पाहुण्याच्या वेळी गुरुजींची लाज जाऊ नये, म्हणून मी पेटीत वाकलो, आरशावर हाऽऽ करून वाफ सोडली आणि चष्मा पुसतो तसा खसाखसा पुसायला लागलो.

भज्यांचं तेल आरशावर फार सुरेख पसरतं. एका कडेला होतं, ते काढायला गेलो तर मधल्या बाजूला सरकलं. घाबरून मागे सरलो आणि झाकणाला पाय लागला. गुरुजींनी दिलेली लाल कागद लावलेली बॅटरी त्यावर धरली तर आत सुबक अक्षरात लिहिलेलं: 'आरशास हात लावू नये. धूळ चालते. कापड चालत नाही.'

तेवढ्यात खालून बोलण्याचा आवाज आला. मी रुमाल खिशात कोंबला आणि चौथ्या इयत्तेत वर्गाची काच फोडली तेव्हा जसा उभा राहिलो होतो, तसा भिंतीला टेकून उभा राहिलो.

खुशालराव सत्तरीपुढचे, धोतर, अंगात स्वेटर, हातात काठी. मागे त्यांच्या पत्नी अनसूयाबाई, गुडघ्याची कसलीही तक्रार न करता चढलेल्या. गुरुजींनी दुर्बीण दक्षिणेकडे वळवली, चौकटीच्या वरच्या टोकाला बाजूने बसवलेल्या भिंगात पाहून कुठलासा स्क्रू फिरवला आणि दबल्या आवाजात म्हणाले, "या दादा. शनी लावला."

खुशालरावांनी चपला काढल्या. दुर्बिणीशी ठेवलेल्या चौरंगावर चढले, हात जोडले, डोकं भिंगाशी नेलं. बराच वेळ तसेच राहिले.

"काई दिसत नाई, मास्तर."

गुरुजींनी जागा नीट केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. अनसूयाबाई खालून म्हणाल्या, "याइले घरी डोक्यावरचा चष्मा सापडत नाई, तुमी आभायातलं दाखून राह्यले."

खुशालराव चौरंगावरून उतरले. शांतपणे, जरा वाईट वाटून म्हणाले, "मी आलो, मी पाह्यलं. आता मले दोष देऊ नोका. सकाळी पोराले सांगतो फोन कर म्हून."

गुरुजी पेटीचं झाकण उचलायला वाकले. ते पाहून माझ्याच्याने राहवेना. मी एका दमात सगळं सांगितलं: धूळ, वाफ, रुमाल, आणि रुमालाआधीची भजीसुद्धा, जी सांगायची काही गरज नव्हती. दोष दुर्बिणीचा नाही, गुरुजींचा तर नाहीच. आत तळाला आरसा आहे, तो मी खराब केलाय, म्हणून दिसत नाही.

गुरुजी वळले, पेटीवर लाल उजेड पाडला, वाकून पाहिलं. मग चौरंगावर चढून भिंगाला डोळा लावला. मी मनातल्या मनात साताऱ्याची वाट धरली होती.

"जरा धुरकट हाये," ते अखेर म्हणाले. "पण दिसते. कडं बी दिसते." आणि मग गोंधळून, "दादा, तुमी डोळा उघडला होता ना?"

खुशालराव माझ्याकडेच पाहत होते. "आरसा हाये? याच्यात आरसा हाये?"

"हो."

"म्हंजे त्याच्याकडं सरळ नाई पाहा लागत?"

तेव्हा उलगडा झाला. शनीच्या देवळात माणूस मूर्तीसमोर उभा राहत नाही. बाजूनं नमस्कार करतो, त्याच्या नजरेला नजर देत नाही. सत्तर वर्षं पाळलेली ती रीत मास्तरांच्या सांगण्यावरून कशी मोडणार? शनी लावला म्हटल्याबरोबर खुशालरावांनी भिंगाशी डोकं नेऊन डोळे गच्च मिटले होते. तिन्ही वेळा.

गुरुजी हसले नाहीत. वर्गात समजावत असतील तसं म्हणाले, "सरळ नाईच पाहत, दादा. तो खालच्या आरशात पडते. आपण बाजूनं उभं राहून आरशातलं रूप पाहतो. देवळातल्यावानीच."

"मंग हे आधी सांगाचं ना, बापा," खुशालराव म्हणाले आणि पुन्हा वर चढले.

या खेपेला ते भिंगाला असे चिकटले की अनसूयाबाईंनी त्यांचा स्वेटर ओढला. "लिंबात काडी खुपसल्यावानी हाये," ते हळूच म्हणाले. सध्या शनीची कडी आपल्याकडे धारेवर आहेत, म्हणून ती काडीसारखी दिसतात, असं गुरुजी सांगत होते, पण ते कुणी ऐकत नव्हतं. अनसूयाबाईंनी नवऱ्याला उतरायला लावलं, स्वतः चढल्या आणि दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून पाहिलं. त्यांना शनीची भीती नव्हती; एवढी वर्षं संसार केलाय, म्हणाल्या.

खुशालरावांनी चपला घातल्या. "टॉवरवाल्याले दुसरं टेकाड दाखवतो. हे राहू द्या. पण मास्तर, एक अट हाये." त्यांनी काठी माझ्याकडे वळवली. "या पाहुण्याले येकटं सोडू नोका."

ती अट सकाळपासूनच लागू झाली. गुरुजींनी आरसा साबणाच्या पाण्यात बुडवून, बोटानं न घासता, नुसतं पाणी सोडत धुतला. मला चार हात दूर खाटेवर बसवलं होतं. दोन बारीक ओरखडे राहिले. त्यांनी ते मला दाखवले, रागानं नाही, पण दाखवले.

गाडीत बसलो आणि मालेगाव यायच्या आत कोणा गाववाल्यानं विचारलं, ते आरसा पुसणारे तुमीच काय? मी हो म्हटलं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं ते 'हो' सहज निघालं. आयुष्यात पुष्कळ चुका निस्तरल्या, बहुतेक लपवून. ही एकच अशी, जी कबूल केली नसती तर त्या टेकाडावर आज टॉवरचा लाल दिवा लुकलुकत असता, आणि खुशालरावांना वाटत राहिलं असतं की वर पाहण्यासारखं काही नव्हतंच.