सातवी-ब च्या पूर्वेकडच्या खिडक्या

दिल्लीतल्या हिंदूराव भागात, उतारावरच्या मुलींच्या शाळेत क्रांती मेश्राम बावीस वर्षं शिवण शिकवत होत्या. वडील नोकरीसाठी नागपूरहून दिल्लीत आले आणि इथेच राहिले. मुलगी शिक्षिका झाली तेव्हा त्यांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले होते.

यंदा एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू होताच शिवणाचा विषय बंद झाला. मशिनं स्टोअररूममध्ये गेली आणि मेश्राम मॅडमकडे नवीन तास आला, मेकर क्लास. मुलींनी स्वतःच्या हातांनी काहीतरी उपयोगाचं बनवायचं.

"प्रोजेक्ट मुलींनीच निवडायचा," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांत मला कळवा."

क्रांतींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. जिकडेतिकडे रोबोट, सेन्सर, वायरी. घरी पोळ्या लाटताना त्या नवऱ्याला, धम्मपालला, म्हणाल्या, "अरे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. सातवीच्या पोरी माझी फजिती करतील."

"मग त्यांनाच विचार ना, यार. बनवायचंय तर त्यांना."

पहिल्या तासाला मॅडमनी एकच नियम सांगितला : आज कुणाच्याही कल्पनेला नाही म्हणायचं नाही. पोरी सुटल्याच. झाडू मारणारा रोबोट, ओल्या वेण्या वाळवायचं यंत्र, सायकलवर चालणारा चार्जर, डबे पळवणाऱ्या माकडांना घाबरवणारा भोंगा. फळा भरला, मग मागच्या भिंतीवर कागद चिकटवावे लागले. एकूण एकेचाळीस कल्पना. मॅडमचे हात खडूने पांढरे झाले.

आता यातून निवडायचं कसं? घरी शिवायला गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की आपण काय विचारतो, ते त्यांना आठवलं. दुसऱ्या तासाला त्यांनी तीन प्रश्न लिहिले. हे कोण वापरणार? सामान कुठून आणायचं? सहा तासांत होईल का?

रोबोट पहिल्याच प्रश्नाला गळाला, कारण झाडायला मावशी होत्या आणि त्यांना तो नको होता. भोंग्यावर मात्र जोरात भांडण झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "माकडं दोन दिवसांत सरावतील, मग आपलेच कान किटतील." तोही गेला. पाच कल्पना उरल्या, मतं मोजायला घेतली.

खिडकीजवळच्या रांगेतली रुखसार हात वर करेना.

"तुझं मत?"

"मॅम, उन्हामुळे फळ्यावरचं काही दिसतच नाहीये. कशाला मत देऊ?"

पोरी हसल्या. रुखसार हसली नाही. तिच्या रांगेतल्या सगळ्याच मुली डोळ्यांवर वही धरून बसल्या होत्या, रोज बसायच्या तशाच. नऊ वाजले की ऊन थेट आत यायचं आणि फळा चकाकायचा. हे आपल्याला इतके दिवस दिसलं कसं नाही, असं मॅडमना वाटून गेलं.

"खिडक्यांना ते तीन प्रश्न लावून पाहा बरं," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत ठरलं. दोरी ओढली की गुंडाळला जाणारा पडदा.

क्रांतींना मात्र प्रिन्सिपलची धास्ती वाटली. पडदा म्हणजे शिवणच. मागच्या दाराने जुना विषय आत आणला, असं प्रिन्सिपल म्हणणार. आणि त्या म्हणाल्याच, "यात मेकर काय आहे? पडदेच ना?"

मॅडमबरोबर रुखसार आकृतीची वही घेऊन आली होती. तीच पुढे झाली. कप्पी कुठे बसवायची, दोरी किती लांब लागेल, पडद्याआधी आणि नंतर बाकावर किती तापमान भरतं ते रोज कसं लिहायचं, सगळं सांगून मोकळी झाली. प्रिन्सिपल मॅडमनी वही मागून घेतली, आकृती पाहिली.

"बिल्कुल करा," त्या म्हणाल्या. "पण कप्पी नीट ठोका, कुणाच्या डोक्यावर पडायला नको."

पानिपतच्या चादरींच्या कारखान्यांतून उरलेले तुकडे आले. मशिनं पुन्हा बाहेर निघाली. पोरींनी एक खिडकी मोजली आणि त्या मापाने चारही पडदे कापले. इमारत जुनी, दोन खिडक्या तब्बल तीन बोटं जास्त रुंद निघाल्या. पडदे लावले तर कडेने उन्हाच्या पट्ट्या. एक मुलगी रडायलाच लागली.

"मी शिवलेल्या पहिल्या लांब बाह्यांच्या ब्लाउजात बाह्या कोपरापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या," मॅडम म्हणाल्या. "कडेला पट्टी जोड. आणि आता प्रत्येक खिडकी वेगळी मोज."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चारही पडदे खाली आले. रुखसारच्या बाकावर पारा तीन अंशांनी उतरला. प्रिन्सिपल मॅडम शेवटच्या बाकावर बसून फळा वाचून पाहत होत्या. उठताना म्हणाल्या, "आठवीलाही हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, जुलैत, तुमच्या पोरी त्यांना शिकवतील का?"

मधल्या सुट्टीत क्रांतींनी धम्मपालला फोन लावला.

"झालं रे."

"काय झालं?"

"काही नाही. सगळं नीट झालं. खूप हलकं वाटतंय, म्हणून म्हटलं तुला सांगावं."