ग्रंथात नसलेलं वाक्य

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, हॉस्टेलच्या पोरांजवळ नाही. ताईजवळही नाही — पण तिला सांगण्यासारखं काही उरलंय का, ते मला माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून लिहायला धजतोय. तरी कुठून सुरुवात करू?

आमचं घर चितेगावात, पैठण रोडला लागून. बाबा तिथल्या एका कंपनीत प्रेस मशिनवर होते. माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात मशिनमध्ये गेला. मनगटापासून खाली काही राहिलं नाही. त्यानंतर ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. अजूनही असतात.

आमच्यात पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास पाळतात. विहारात आणि घरोघरी रोज संध्याकाळी धम्मग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आईला अक्षर येत नाही. आधीच्या वर्षापर्यंत ताई वाचायची — वैशाली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. त्या वर्षी आई बाबांचं करण्यात गुंतली, चूल ताईकडं गेली आणि ग्रंथ माझ्याकडं आला.

"वाच रे बाळा," आई म्हणायची, "हे आपल्याच वाट्याला का आलं, ते तरी कळंल."

मी वाचायचो. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. आई मान हलवायची. शेजारची कमलमावशी वाटीभर काही मागायला आली की दारातूनच चिडवायची, "काय गं, पोरगं भंतेजी करायलीस का काय?" आई हसायची. त्या उन्हाळ्यानंतर ती तेवढ्यापुरतीच हसायची.

इथवर सगळं खरं आहे. पुढचं सांगायला — बघा, मी अजून ग्रंथाबद्दलच बोलतोय.

घरात एकालाच शिकवणं जमणार होतं. आईनं फार विचार केला नाही. ताईची बारावी चांगली झाली होती. तिला शहरात जाऊन नर्स व्हायचं होतं. मला आई म्हणाली, "वैशूचं डोकं लई चालतंय. तू गॅरेजला जा, हाताला काम लागंल." तिचं चुकलं होतं का? नाही. मलाही ते मान्य होतं. निदान मी तसं म्हणालो. पण रस्त्याच्या कडेला गाडीखाली उताणी पडलेली, तेलानं माखलेली पोरं मी रोज बघायचो, आणि रस्ता ओलांडून पलीकडून जायचो.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखं पंचशील म्हटलं. त्यातलं चौथं शील — खोटं बोलण्यापासून दूर राहीन. तेही म्हटलं. मग मी ग्रंथ उघडला. दानाबद्दलचा भाग होता. ताई माझ्या मागं भाकरी थापत होती. परिच्छेद संपला. मी बोट ओळीवरून उचललं नाही, आवाजही बदलला नाही. पुढं वाचलं — "बहिणीने भावासाठी सोडलेले सुख हे सर्वांत मोठे दान होय."

असं वाक्य तिथं नव्हतं. कुठंच नव्हतं. शेवटचं 'होय' मी मुद्दाम लावलं, कारण ग्रंथातली वाक्यं तशी संपतात. म्हणजे ते वाक्य मी आधी मनात करून ठेवलं होतं ना? हो. दोन दिवस.

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"परत वाच," आई म्हणाली. मी परत वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही.

लिहिलंय म्हणून मानू नका, तपासून बघा — हेही त्याच ग्रंथात आहे, आणि तेही मीच आईला वाचून दाखवलं होतं. पण आई कशी तपासणार? तिच्यासाठी तपासणं म्हणजे मला विचारणं. आणि ताई? तिनं तर तो ग्रंथ माझ्याआधी वाचला होता, पुन्हापुन्हा. "कुठंय, दाखव," एवढंच म्हणायचं होतं तिला. त्याऐवजी त्याच आठवड्यात तिनं आईला सांगितलं, मी कंपनीत जाते, पॅकिंगला. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला काय वाटत होतं? सुटल्यासारखं वाटत होतं. तेच सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

एवढ्यावरच थांबलं असतं तर... पण आईनं ते वाक्य विहारात सांगितलं. बायकांना आवडलं. कमलमावशीनं तर पाठच केलं. वर्षभरानं तिच्या प्रणालीची शाळा नववीतच सुटली, भावाला पुढं शिकता यावं म्हणून. प्रणाली रडली तेव्हा मावशीनं तिला तेच ऐकवलं. आई हे मला कौतुकानं सांगत होती.

दुःखाला कारण असतं, हे मी किती संध्याकाळी वाचलं. ते कारणच ग्रंथ वाचायला बसलं होतं.

आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा वर्षावासाच्या समाप्तीला घरी गेलो होतो. विहार भरला होता, सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. प्रणाली मांडीवर मूल घेऊन बसली होती. ताई पहिली शिफ्ट करून तशीच आली, दाराजवळ टेकली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात आता. वाचन संपत आलं तेव्हा आई उठली. "माझ्या पोराला ते बहिणीचं वाचू द्या. कॉलेजात शिकतंय ते."

ग्रंथ माझ्यापुढं आला. मी पानं उलटली, सापडत नसल्यासारखी, मग सापडल्यासारखी. हे इथं नाही, असं म्हणता आलं असतं. आई समोर होती, ताई समोर होती, प्रणालीही होती. माझं बोट ज्या ओळीवर होतं ती भिक्खूंनी पावसाळ्यात कुठं राहावं याबद्दलची होती.

मी ते वाक्य वाचलं. 'होय'सकट. आईचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

वाचलेलं पटलं की म्हणतात तसं सगळ्यांनी हात जोडून तीनदा 'साधू' म्हटलं. ताईनंही म्हटलं.