बेलाला गुंडाळलेला दोर

काशीच्या आमच्या घरात वाळका कडुनिंब पाडायचा होता. फांद्या कौलांवर कोसळू नयेत म्हणून दोर बांधून हळूहळू खाली सोडतात, आणि त्या दोराचे शेजारच्या झाडाला वेढे देतात, म्हणजे भार हातावर येत नाही. झाडवाला म्हणाला, "माताजी, किस पेड़ में लपेटें?" मीच म्हटलं, "अरे, हा बेल काय शोभेला आहे? इसी में लपेटो!" आमच्या ह्यांनी लावलेला बेल हो, हे गेल्यावर तेवढाच राहिला होता. कौलं वाचली, पण सरकत्या दोरानं बेलाची साल चहूबाजूंनी सोलून निघाली; अशी साल गेली की झाड जगत नाही म्हणतात. मी शेणमाती लिंपली, फडकं बांधलं. माळी बघून नुसता म्हणाला, "अम्मा, अब रहने दीजिए." पानं गळताहेत. महादेवाला बेल आता विकत आणते.